गडी कोणता, मुकादम कोणता

ब्राह्मणपुरीत पपईच्या तोडणीचा विषय निघाला की भाईदासचं नाव निघतंच. आता तो तोडणीला जात नाही, गुडघे ऐकत नाहीत. पण जात होता तोवर त्याच्या टोळीचा माल बाजारातून परत आला नाही. कच्चा म्हणून नाही आणि फार पिकला म्हणूनही नाही.

त्याची रीत वेगळी होती. बाकीचे झाडाखाली उभे राहून मान वर करत आणि लांबूनच हे घे, ते राहू दे, असं सांगत. भाईदास प्रत्येक फळाला हात लावी. अंगठ्याच्या नखानं देठाजवळ बारीक ओरखडा काढी आणि चीक बघे. चीक घट्ट, पांढरा असला तर फळ कच्चं. पाण्यासारखा पातळ सुटला की तोडायचं. पपईचा चीक कातडी खातो, म्हणून लोक पूर्ण बाह्यांचे सदरे घालतात, हाताला फडकं बांधतात. भाईदासला अंगठा उघडा ठेवावा लागे. चिकानं त्याचं नख अर्धं खाल्लं आणि अंगठ्याची कड कायमची काळी पडली. टोळीत नवा आलेला माणूस लांबूनच फळ दाखवायला लागला की भाईदास त्याला दंडाला धरून झाडापाशी नेई. हात न लावता केलेलं काम त्याच्या लेखी कामच नव्हतं. लांबून बघणारा माणूस अंग चोरतो, एवढंच त्याला माहीत होतं.

नातू हेमकांत हा त्याच्या मुलीचा, सरलाबाईचा मुलगा. सरलाबाई कळसाडीला दिलेली. हेमकांत आय.टी.आय. करायला आजोळी राहिला तो राहिलाच. पुढं त्यानं रेल्वेच्या सहायक ड्रायव्हरच्या जागेसाठी परीक्षा दिली. एकदा नापास झाला, पुन्हा बसला आणि पास झाला. कागदपत्रं बघून झाली. आता डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती. गावात त्याला आतापासूनच डायवर म्हणायला लागले होते. कळसाडीत सरलाबाईनं पेढेही वाटून टाकले. भाईदासनं तेवढ्यावरून तिला बोलून घेतलं. काम हातात पडल्याशिवाय गोड वाटायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

तो दिवस रविवारचा. सरलाबाई माहेरी आली होती. भाईदासच्या मुलाची मुलगी रुचिका शहाद्याला कॉलेजात शिकते, तीही घरी होती. दुपारी जेवणं झाल्यावर रुचिका आणि हेमकांत टीव्हीला कॉम्प्युटर जोडून खेळत बसले. भाईदास शेजारी खाटेवर पडला होता.

खेळ असा होता. कुठल्यातरी लांबच्या ग्रहावरून फौज उतरलेली असते आणि ती माणसांची धरणं ताब्यात घेते. तिला हुसकून लावायचं. फौजेत हुद्दे असतात. त्यांची खेळातली नावं विचित्र, म्हणून या दोघांनी आपली नावं पाडली होती. साधा शिपाई तो गडी आणि त्याच्यावरचा तो मुकादम. दोघांचं चिलखत सारखं, उंची सारखी, हातातली बंदूक सारखी. मुकादम आधी पाडला तर गडी गोंधळून पळत सुटतात. चुकून गडी आधी पडला तर मुकादम हाक देतो आणि वरून नवी पलटण उतरते. मग सगळं पहिल्यापासून.

हेमकांत सारखा गडीच पाडत होता.

रुचिका आधी हसली, मग चिडली. डायवरसाहेब, तुमची गाडी भुसावळला जायची ती सुरतेला जाईल, म्हणाली. हेमकांत म्हणाला, याच्याआधी बरोबर जमत होतं. मुकादम चालताना अर्धं पाऊल मागे राहतो, वळायच्या आधी मान फिरवतो, त्यावरून तो ओळखायचा. या टप्प्यात मेले चालतच नाहीत. दोघंही धुरात खांबासारखे उभे.

भाईदासनं खाटेवरूनच सुनावलं. नीट बघायचे कष्ट नको आहेत, दुसरं काही नाही.

रुचिकाला तेवढंच हवं होतं. तिनं खेळ थांबवला. चित्र जागच्या जागी थिजलं. पडद्यावर मधोमध दोघं उभे होते, एक डावीकडं, एक उजवीकडं.

“आबा, तुम्हीच सांगा याले. मुकादम कोनता?”

भाईदास उठला. चष्मा पुसून घातला. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. टोप बघितले, खांदे बघितले, बंदुका बघितल्या, बूट बघितले. एका कामाला जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिला.

“एक बी नही,” तो म्हणाला. “दोन्ही गडीच शेतस.”

रुचिकाला वाटलं आबा नातवाची बाजू घेतात. हेमकांत मात्र खूश झाला, बघ, मी काय म्हणत होतो, असं म्हणायला लागला. तेवढ्यात सरलाबाई भांडी घासता घासता हात पुसत बाहेर आली. तिला या खेळातलं काही कळत नव्हतं. तिनं पडद्याकडं एकदा बघितलं.

“याना टोपवर लाल पट्टा शे, त्याना टोपवर हिरवा. इतलं काय त्यामा?”



भाईदासनं पुन्हा बघितलं. पट्टा होता. दोघांच्या टोपावर कपाळापासून मागं गेलेला पट्टा होता. पण तो दोघांचा सारखा होता. मुलगी चेष्टा करते का, म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. सरलाबाईच्या तोंडावर चेष्टा नव्हती. ती आता त्याच्याकडं आणि हेमकांतकडं आळीपाळीनं बघत होती.

“पट्टा दिसस तुले?” तिनं मुलाला विचारलं.

“दिसस ना.”

“मंग रंग?”

हेमकांतनं बराच वेळ पडद्याकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं हातातलं यंत्र हळूच खाली ठेवलं.

रुचिका हुशार पोरगी. ती काही न बोलता उठली आणि दोघांना परसात घेऊन गेली. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं पपईचं झाड तिथं होतं. झाडाला फळं लगडली होती. कोणतं फळ तोडायला आलंय ते सांगा, म्हणाली. भाईदास सवयीनं पुढं झाला, अंगठा वर केला. रुचिकानं त्याचा हात धरला. हात न लावता सांगा, म्हणाली.

तो उभा राहिला. फळं हिरवी होती. सगळी हिरवी होती. जन्मभर पपई तोडली, पण पपईसमोर असा हात बांधून तो कधी उभा राहिला नव्हता.

मग रुचिकानं बोटानं दाखवलं. या फळावर पिवळी रेघ आलीय. खालून वर गेलीय. त्या पलीकडच्यावर नुकती धरतेय. भाईदासनं डोळे बारीक केले, मोठे केले, बाजूला सरून बघितलं. रेघ नव्हती. तो हेमकांतकडं वळला. हेमकांतनं मान हलवली.

भाईदास मोरीच्या दगडावरच बसला. झाडाखाली उभे राहून मान वर करणारे ते लोक त्याला आठवले. हे घे, ते राहू दे. ते काय बघत होते, हे त्यानं कुणाला कधी विचारलं नव्हतं. ते बघण्याचं सोंग करतात, असं तो धरून चालला होता.

तसाच उठून तो भिलाकडं गेला. भिला टोळीतला त्याचा जुना जोडीदार, वयानं बरोबरीचा. तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. भाईदासनं त्याला सरळ विचारलं, पपईवर रेघ येते ती तुला दिसते का. भिलाला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो तंबाखू मळायचा थांबला.

“म्हंजे, तुले दिखे नही?”

“नही.”

“अरे भो, आंधया सोडीसन सम्दासले दिखस ती.”

भिलानं मग सांगितलं की टोळीतल्या सगळ्यांना वाटायचं, भाईदासची ती रीतच आहे. एवढी उठून दिसणारी रेघ सोडून हा माणूस अंगठा जाळून घेतो, म्हणजे याला कामाची हौस दांडगी. पाठीमागं ते हसतही. पण माल परत येत नव्हता, मग बोलायचं कशाला. सांगता सांगता भिला हसायला लागला आणि भाईदासचं तोंड बघून थांबला. मग तंबाखूची चिमूट त्याच्यापुढं धरली. भाईदासनं ती घेतली नाही.

घरी येताना त्याला रस्त्यावरच्या सगळ्या वस्तूंचा संशय यायला लागला. वाटेतल्या दाराचा रंग, कुणाच्या लुगड्याचा रंग, वाळत टाकलेल्या मिरच्या. जे आहे ते मला दिसतं, असा आजवरचा हिशेब. आता तो कुठं कुठं चुकला होता, हे विचारायचं कुणाला?

नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं चौघं गेले. डॉक्टर तरुण होता, बोलायला नीट होता. त्याच्याकडं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक होतं. पानावर ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. रुचिकानं सगळे आकडे घडाघडा वाचले. सरलाबाईनंही वाचले. हेमकांतला पहिल्या पानावरचा आकडा दिसला, पुढं नुसते ठिपके. भाईदासचंही तेच.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. नजर चांगली आहे, रंग तेवढे सगळे कळत नाहीत. लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, हिरव्यावरचा फिका पिवळा सुटून दिसत नाही. जन्मापासूनच तसं असतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्म्यानं जात नाही. यानं काही अडत नाही, पुष्कळ नोकऱ्या करता येतात. रेल्वे चालवायची नोकरी तेवढी नाही.

सरलाबाईला एकच विचारायचं होतं. हे आलं कुठून? तिच्या मनात सासरची माणसं होती, ते उघड दिसत होतं. दिराचा एक डोळा तिरका होता, ते तिनं सांगूनही टाकलं.

डॉक्टर म्हणाला, त्याचा काही संबंध नाही. हे आजोबांकडून मुलीकडं येतं. मुलीला स्वतःला त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो.

सरलाबाई खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं बापाकडं बघितलं.

“आबा, तुम्ही माले जे दिधं, त्यामा हाई बी दिधं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भाईदासला उत्तर देता आलं असतं. ती फक्त हबकली होती. आपल्या अंगात असं काही आहे आणि ते आपण पोराच्या हवाली केलं, हे तिला मान्यच होईना. बसमध्ये बसल्यावरही ती आपले तळहात उलटेपालटे करून बघत होती.

हेमकांतच्या नंदुरबारच्या क्लासमधल्या एका मित्रानं वाट काढली. तपासणीला त्याच धर्तीचं पुस्तक असतं, म्हणाला. त्याची सगळी पानं मोबाइलवर मिळतात. कोणत्या पानावर कोणता आकडा, हे पाठ करायचं. पानावरच्या ठिपक्यांची मांडणी ओळखायची, रंग दिसायची गरज नाही.

भाईदासला हे एकदम पटलं. जे दिसत नाही ते कष्टानं भरून काढायचं, यात त्याला वावगं काही वाटलं नाही. त्यानं जन्मभर तेच तर केलं होतं, फक्त ते माहीत नव्हतं. त्यानं नातवाला बसवलं. रुचिकानं मोबाइल धरायचा, हेमकांतनं आकडा सांगायचा. भाईदास समोर बसून ऐके. चुकला की पुन्हा. पानं उलटसुलट करून पुन्हा. हेमकांतनं अंग मोडून मेहनत केली. या पानात वरच्या बाजूला मोठा ठिपका आहे, त्या पानात कडेला दोन बारीक जोडून आहेत, अशा खुणांवर त्यानं सगळं पुस्तक पाठ केलं. आठवड्यानं एकही पान चुकेना.

त्याच दिवशी रुचिकानं मोबाइल खाली ठेवला. मी आता धरणार नाही, म्हणाली. भाईदासनं विचारलं, कंटाळलीस? ती नाही म्हणाली. खेळात गडी पडला तर टप्पा पुन्हा सुरू होतो, खऱ्या गाडीत तसं नसतं, एवढंच बोलली आणि आत गेली. भाईदास तिला आळशी म्हणाला.  हेमकांतनं मोबाइल उचलला आणि एकटाच पानं बघत बसला.

तपासणीला भाईदास नातवाबरोबर गेला. सरलाबाईला यायचं होतं, त्यानं येऊ दिलं नाही. पहाटेची बस धरून दोघं नंदुरबार स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी सिग्नलचा खांब दिसत होता. भाईदासनं विचारलं, यातला कोणता दिवा लागलाय ते तुला कळतं का. हेमकांत म्हणाला, कळतं. हिरवा सगळ्यात वर असतो, लाल सगळ्यात खाली. जागेवरून कळतं.

भाईदासला बरं वाटलं. खूण आहे म्हणजे झालं.

“अंधारमा खांब दिसत नही, आबा,” हेमकांत म्हणाला. “नुसता ठिपका दिसस.”

भाईदास त्या खांबाकडं बघत राहिला. गाडी आली तेव्हा नातवानं त्याला दंडाला धरून आत चढवलं.

तपासणी रेल्वेच्या दवाखान्यात होती. पोरांची रांग लागली होती. कुणाचं वजन, कुणाची छाती, कुणाचे कान. बरोबर आलेल्यांना बाहेर बाकावर बसवलं. भाईदास बसला. मनातल्या मनात त्यानं पानं उलटली, ठिपके त्यालाही पाठ झाले होते. हेमकांत नापास होणार नाही याची त्याला खात्री होती. एवढं केलेलं काम वाया जात नाही.

हेमकांत बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरून काही कळेना. तो येऊन शेजारी बसला. भाईदासनं वाट बघितली. मग विचारलं, वेगळं पुस्तक होतं का.

नाही, हेमकांत म्हणाला. तेच होतं.

मग पानं आठवली नाहीत?

सगळी आठवली, म्हणाला. डॉक्टरनं पान समोर धरलं की आकडा तोंडात येत होता. पहिलं पान दिसलं, ते वाचलं. दुसरं धरलं. आकडा माहीत होता.

“मंग?”

“मी बोलनू, माले दिसत नही.”

भाईदासला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. हेमकांतनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. डॉक्टरनं पुढची पानं दाखवली, हा प्रत्येक पानाला दिसत नाही म्हणाला. प्रत्येक पानाचं उत्तर तोंडात असताना.

 केलेलं काम कुणी असं टाकून दिलेलं भाईदासनं बघितलं नव्हतं. उभं पीक सोडून जाणारे बघितले होते, अर्ध्यावर अंग काढून घेणारे बघितले होते. पण शेवटपर्यंत करून, हातात आलेलं, खाली ठेवणारा माणूस त्याला भेटला नव्हता. दोन्ही परीक्षा, दोन वर्षं, आठवडाभराची ती पानं. त्यानं तोंड उघडलं. टोळीत कामचुकार माणसाला जे बोलायचा ते सगळं ओठापर्यंत आलं. त्यातलं एकही या पोराला लागू पडेना. 

शेजारच्या बाकावर पास झालेला एक पोरगा घरी फोन करत होता. जोरजोरात बोलत होता. हेमकांत त्याच्याकडं बघत होता, वाईट नजरेनं नाही. मग त्यानं आपला फोन काढला, आईचा नंबर लावला आणि कानाला न लावता आजोबाच्या हातात दिला.

पलीकडून सरलाबाई हॅलो हॅलो करत होती. मग म्हणाली, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले.

भाईदासनं फोन दोन्ही हातांनी धरला. पोराला सगळी पानं पाठ होती, हे आता तिला सांगायचं की नाही, ते त्याला ठरवायचं होतं. सांगितलं तर ती जन्मभर मुलाला विचारत राहील. नाही सांगितलं तर डॉक्टरनं पकडलं, असं समजून राहील. त्यानं हेमकांतकडं बघितलं. हेमकांत खाली बघत होता.

“त्याले सम्दं पाठ व्हतं, सरला,” भाईदास म्हणाला. “पन दिसत नव्हतं. तर तो दिसत नही बोलना.”

 फोन बंद पडला का ते भाईदासनं कानापासून दूर धरून बघितलं. चालू होता. पुन्हा कानाला लावला तेव्हा तिचा श्वास ऐकू आला.

“जेवनात का तुम्ही दोन्ही?” तिनं विचारलं.

“नही अजून.”

“त्याले आधी खावाले द्या,” ती म्हणाली, आणि मग फोन ठेवला.